आप्पांची रेघ

इलाहीचाचानं डबड्यात तोंड घातलं, "हॅलो," म्हणाला, आणि समोरच्या भिंतीवर जिलेबी उमटली.

लाल. उजेडाची. हातभर रुंद. "हॅलो" संपलं तशी ती आकसली आणि पुन्हा ठिपका होऊन भिंतीवर गप्प बसली, जसं काही झालंच नव्हतं.



"धने," चाचा हळूच म्हणाला, "मी काय बोललो?"

"हॅलो."

"असं दिसतंय व्हय हॅलो?"

"परत बोला की."

"एक," चाचा म्हणाला. भिंतीवर गाठ बसली. "दोन." गाठ सुटून दोरीचा फास झाला. "इलाही बाबालाल मुल्लाणी, विटा, लाउडस्पीकर भाड्यानं मिळेल." भिंतीवर काय काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. कुणीतरी लाल सुताचं रीळ हवेत फेकलं होतं आणि ते खाली पडायच्या आत पुन्हा गुंडाळलं होतं, एवढंच म्हणता येईल.

चाचा स्टुलावर बसला. टोपी काढली, परत घातली.

"तीस वर्षं आवाज भाड्यानं दिला पोरी," तो म्हणाला. "त्याचं तोंड आज बघितलं."

(हवा.)

मधेमधे ही हवा येणार. ती कसली, ते शेवटाकडं कळेल. मला सलग सांगता येत नाही.

डबडं म्हणजे दोन इंची पाइपाचा वीतभर तुकडा. त्याच्या एका तोंडावर फुगा कापून ताणलेला, सायकलच्या ट्यूबच्या वादीनं आवळलेला. फुग्यावर आरशाची टिकली, करंगळीच्या नखाएवढी, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेली. पाइपाला छत्रीच्या दोन काड्या बांधून पुढं काढलेल्या, आणि त्यांच्या टोकाला लेझर टॉर्च, उलट्या तोंडाची. तिचा किरण मागं येऊन तिरका आरशावर पडायचा आणि तिथून उडून भिंतीवर जायचा. बटण दाबून धरायला कपड्यांचा चिमटा.

पाइपाच्या मोकळ्या तोंडात आपण बोलायचं. फुगा थरथरतो, आरसा थरथरतो, ठिपका पळतो. इतका भरभर पळतो की ठिपका दिसतच नाही, त्याची वाट दिसते.

लेझर चाचानं जत्रेत घेतला होता. सोबत पाच टोपणं मिळाली होती. एक लावलं की फुलपाखरू, दुसरं लावलं की बदाम. चाचाला ते पटेना. "फुलपाखरू हाय, पण मेलेलं. हलत न्हाई. गणपतीत गाण्यावर नाचलं पायजे." म्हणून सहावं टोपण आम्ही करायला घेतलं. मी तेव्हा वीस वर्षांची. सकाळी शेजारच्या कारखान्यात मागांसाठी कांड्या भरायची, दुपारी चाचाच्या दुकानात जळक्या कर्ण्यांच्या कॉइली बदलायची.

तीन दिवस काही जमलं नव्हतं. आरसा आम्ही फुग्याच्या बरोबर मधोमध लावायचो, आणि ठिपका नुसता अंग चोरायचा. चौथ्या दिवशी सोल्युशन वाळायच्या आत आरसा घसरून कडेला गेला. आमची अक्कल त्यात काहीच नाही. कडेला होता म्हणून तो डुलला, आणि डुलला म्हणून जिलेबी.

"आता गणपतीत बघ," चाचा म्हणाला. "अख्खं विटं भिंतीकडं तोंड करून उभं करतो."

मला गणपती दिसतच नव्हता. मला आमच्या घरातली एक भिंत दिसत होती.

"चाचा," मी म्हणाले, "ह्यात फुंकर मारली तर?"

त्यानं मारली. ठिपका टुणकन वर उडाला आणि जागेवर आला.

"आणि आवाज?"

"म्म्म," केलं त्यानं. गाठ.

"म्हणजे ठिपका उडाला तर नुसती हवा. आणि ठिपक्याची वाट झाली तर आवाज. कानाला ऐकू नाही आला तरी?"

चाचानं माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याही ध्यानात आलं. उठला आणि दुकानाची फळी लावायला लागला. वाजले होते जेमतेम तीन.

(हवा.)

नाही, आप्पांचं आधी सांगायला हवं होतं.

माझे वडील महिपती खराडे. कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचे. मैदानाच्या कडेला फेटा बांधून उभे राहायचे, हातात चाचाचा माइक. "पट काढला... काढला... न्हाई! सुटला!" हा त्यांचा 'न्हाई' ऐकायला माणसं झाडावर चढून बसायची. म्हातारी माणसं तर मैदानाकडं पाठ करून बसायची, डोळे मिटून. म्हणायची, डोळ्यांना दिसतंय त्याच्यापेक्षा खराडे जास्ती दाखवतो. पैलवान कुठल्या तालमीचा, हे ते लांबून नुसत्या पाठीवरून सांगायचे.

सुरुवातीला "हॅलो, माइक टेस्टिंग" त्यांनी कधी म्हटलं नाही. माइकवर नखानं तीन टिचक्या. टक्, टक्, टक्. तेवढ्यात मैदान गप्प.

एकदा एका मोठ्या मैदानात शेवटची जोड लागली, मोठ्या इनामाची. पाच मिनिटं झाली आणि आप्पा बोलायचे थांबले. लोकांना वाटलं, माइक गेला. चाचा वायरी तपासायला धावला. तर आप्पांनी माइक तोंडाजवळ घेतला, म्हणाले, "ही नुरा हाय. ठरवून चाललीय. नुरा कुस्ती मी सांगत न्हाई." आणि माइक लाल मातीवर ठेवून चालते झाले. अकरा किलोमीटर चालत घरी आले. त्या पंचमंडळींनी पुढं दोन वर्षं बोलावलं नाही.

"माझा माइक मातीत टाकला ह्यानं," चाचा ही गोष्ट सांगताना दरवेळी म्हणायचा. "धुवायला किती लागलं इचारा. खरं बोलतो हा आन् घासतो मी."

मला ते 'पैलवान' म्हणायचे. जन्मले तेव्हा साडेचार किलोची होते म्हणून.

तंबाखूनं घसा गेला. मिरजेला ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढली. श्वास घ्यायला गळ्याच्या तळाशी भोक ठेवलं, त्यावर पांढरं फडकं. छातीतली हवा त्या भोकातूनच यायची आणि जायची, तोंडापर्यंत पोचायचीच नाही. आप्पांना साधी फुंकर मारता येईना. बशीतल्या चहावर तरंग उठेना.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, हवा गिळायची. ती पोटात उतरायच्या आत परत वर आणायची, ढेकर देतो तशी. त्या ढेकरावर शब्द बसवायचे. खूप माणसं बोलतात अशी. एकदा, फक्त एकदा आवाज निघाला की वाट सापडते. पण तो एकदा निघायला हवा."

पाच महिने दर गुरुवारी एसटीनं मिरज. एकदाही निघाला नाही. मॅडमसमोर आप्पांचं अंग ताठ व्हायचं. घरी करावं तर आमच्या भिंतीपलीकडं चौदा माग. खटाक् खट, खटाक् खट, सकाळपासून. आमच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं. बारीकसा आवाज निघालाही असेल एखाद्या वेळी. कुणाला कळणार?

आणि त्या गुरुवारी आप्पा गेलेच नाहीत. आई पिशवी भरून दारात उभी. त्यांनी पाटी घेतली, लिहिलं: *बास. आता जाणार नाही.*

"आवो, असं कसं बास?"

पुसलं, लिहिलं: *मैदानात बोललेल्या तोंडानं ढेकर देऊ?*

आई पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मला म्हणाली, "जेवल्यावर ढेकर द्यायचे तर मीच वरडायची गं. चारचौघांत असं करू नगा म्हणायची." आणि पदर तोंडात धरून रडली. मागांच्या आवाजात तिचं रडणंही ऐकू आलं नाही. नुसतं दिसलं.

आमची जिलेबी उमटली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

(हवा.)

"वस्ताद! पैलवान आणलाय तुमच्यासाठी," चाचा दारातूनच ओरडला. एका काखेत डबडं, दुसऱ्या हातात गोटी सोड्याच्या दोन बाटल्या. "वजन पावशेर. पण भल्याभल्यांना भिंतीला लावतो."

आप्पा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पाटीसुद्धा उचलली नाही.

मी दार लावलं, खिडकीला गोधडी लावली. खोली अंधारली. टेबलावर डबडं ठेवून चिमटा लावला, आणि समोरच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी लाल ठिपका बसला. बसला कसला, नाचायलाच लागला. मागांचा धडधडाट जमिनीतून टेबलात आणि टेबलातून डबड्यात चढत होता.

"ह्ये आमचं बोलायच्या आधीच बोलतंय," चाचा म्हणाला.

मग मी उशी घेतली. उशीवर डबडं, आणि ते दाबून धरायला मी, दोन्ही हातांनी, वर हनुवटी टेकवून. ठिपका जरासा कापत राहिला, पण जागेवर राहिला.

"बघा वस्ताद. डोळ्यात नाय घ्यायचा, भिंतीवर बघायचं," म्हणत चाचानं आपली जिलेबी काढून दाखवली. "आता वहिनी."

"मला न्हाई येत काय बोलायला."

"ह्येच बोला ह्याच्यात."

"इश्श, मी काय बोलू?" आई पाइपात म्हणाली, आणि भिंतीवर एक बारीक उभी रेघ लागली, समईच्या ज्योतीसारखी. आईनं तोंड मागं घेतलं, रेघ विझली. तिनं भिंतीकडं बघितलं, मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"ती मी?" ती म्हणाली.

"तुमीच. किती सरळ हाय बघा, आमच्यागत येटोळं न्हाई. धने, आता तू."

मी "म्म्म" केलं. अंडं. डावीकडं कलंडलेलं लाल अंडं.

आप्पांनी पाय खाटेवरून खाली सोडले होते.

"आता नियम आयका," चाचा म्हणाला. माइक हातात आला की निवेदकाच्या आधी तोच दोन वाक्यं बोलून घ्यायचा, ती सवय. "ठिपका उडाला तर हवा. ठिपक्याची वाट झाली तर आवाज. कुणाला आयकू येऊ न येऊ, भिंत सांगंल. भिंतीपुढं वशिला चालत न्हाई. या वस्ताद."

आप्पांनी मान हलवली. नाही.

"भ्या वाटतंय?"

हे बरोबर लागलं. आप्पा उठले, स्टूल ओढलं, पाइपाला तोंड लावलं.

हवा गिळली. ओठ हलले, गालातली जराशी हवा सुटली. ठिपका उडाला.

"हवा," चाचा म्हणाला.

पुन्हा गिळली. गळ्याच्या शिरा टम्म. ठिपका उडाला.

"हवा."

"सोडा द्या," आई म्हणाली. चाचानं अंगठ्यानं गोटी आत ढकलली, बाटली फसफसली. आप्पा अर्धी प्याले. डोळ्यांत पाणी आलं, नाकातून आलं, पण ढेकर काही येईना. आयुष्यभर नको तेव्हा आलेला तो ढेकर. पुन्हा पाइप. उडाला.

"हवा."

पलीकडं खटाक् खट. दहा वेळा झालं असेल. चाचानं "हवा" म्हणायचं सोडून दिलं. त्याच्या चेहऱ्यावरची गंमत कधीच गेली होती. आप्पांच्या गळ्यावरचं फडकं धाप लागल्यागत हलत होतं. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होते. उठायच्या आधी माणसाचे खांदे उठतात. त्यांचे खांदे उठताना मी पाहिले. आता हे स्टुलावरून उठले की पुन्हा कुठल्याच स्टुलावर बसणार नाहीत, मिरजेच्या नाही की इथल्या नाही, हे मला त्या खांद्यांत स्पष्ट दिसलं. त्यांनी शेवटचं म्हणून तोंड उघडलं.

ठिपका उघडला.

गोल झाला, कलंडला, क्षणभर भिंतीवर तसाच राहिला, मिटला.

"आला!" चाचा किंचाळला. "आला, आला! वहिनी, बघितलं का? वाट झाली! हवा न्हवं, वाट!"

आई मट्‌कन खाली बसली.

आप्पा हलले नाहीत. भिंतीकडं बघत राहिले. मग वळून माझ्याकडं बघितलं, खूप वेळ. मग पाटी घेतली आणि अंधारात चाचपडत मोठ्या अक्षरांत लिहिलं: *माग.*

"मागाचं कसं आसंल?" चाचा भडकला. "माग मघापासनं चालूच हायत. मघा का न्हाई आलं? धने, तू सांग की!"

मी काही सांगितलं नाही.

आणि लाइट गेली.

भारनियमनाची वेळ पाचची होती. त्या दिवशी साडेतीनलाच गेली. चौदा माग एकापाठोपाठ एक थांबले. सूत घेऊन पळणारा शेवटचा धोटा कुठंतरी अर्ध्यात अडकला, आणि थांबलं सगळं.

विट्यात शांतता ऐकायची सवय नसते कुणाला. ती अंगावर येते. आधी कान शिट्टी मारतात. मग एकेक वस्तू ऐकू येते. घड्याळ. बाहेर कुणाच्या तरी बांगड्या. बाटलीत तळाला राहिलेला सोडा चुरचुरत होता, तोसुद्धा. मी श्वास धरला होता. माझी हनुवटी पाइपावर होती, आणि मला पहिल्यांदा त्या खोलीत भीती वाटली.

लेझर सेलवर होता. तो चालूच होता. आणि ठिपका, मघापासून कापणारा तो ठिपका, आता भिंतीत खिळा ठोकावा तसा स्थिर झाला होता. त्याच्या कडा दिसत होत्या. तो भिंतीला लागूनही नव्हता, जरासा अलीकडं हवेत होता, असं वाटत होतं.

"आता घ्या," चाचा कुजबुजला. "आता माग न्हाई. आता कोण बोलतंय ते कळंल."

आप्पांनी पाटी खाली ठेवली. स्टूल पुढं घेतलं. आणि पाइपावर नखानं तीन टिचक्या मारल्या.

टक्. टक्. टक्.

भिंतीवर ठिपक्यानं तीन उड्या मारल्या.

आईच्या तोंडून "आई गं" निघालं. त्या टिचक्या आम्ही कुणी सहा महिन्यांत ऐकल्या नव्हत्या.

आप्पांनी हवा गिळली. तिचा घोट उतरताना ऐकू आला.

पहिल्यांदा ठिपक्याला शेपूट फुटलं. डावीकडं, बोटभर. ते थरथरलं, आत गेलं, पुन्हा आलं, आणि मग ठिपका भिंतीवर आडवा झाला. रेघ. सरळ नव्हती, गोल नव्हती, तिच्यात माझं काही नव्हतं, आईचं काही नव्हतं. काथ्याची दोरी पीळ सुटून फिसकारते तशी फिसकारलेली, जाड, मधेच तुटलेली, तुटल्या जागी पुन्हा पेटलेली. कॅलेंडरवर चढली, कॅलेंडरवरून उतरली आणि फेट्याच्या खुंटीपर्यंत गेली. फेटा सहा महिने तिथंच टांगलेला होता. त्याच्या घडीवर ती लाल रेघ कापत राहिली.

आधी दिसली. मग ऐकू आली. मी खोटं सांगत नाही, हाच क्रम होता. दिसून झाल्यावर मला कळलं की खोलीत एक आवाजही आहे. रिकाम्या रांजणाच्या बुडाशी दगड सरकावा तसा. माणसाचा म्हणावा की नाही असा. तो रेघेच्या लांबीएवढा टिकला आणि तिच्याबरोबरच संपला.

ठिपका पुन्हा खिळा.

कुणी ओरडलं नाही. चाचानं टोपी काढून छातीशी धरली होती, मशिदीत काढत नाही ती. आप्पा भिंतीकडं बघत होते. मी त्यांना हजार मैदानांत बघितलं होतं, दोन-दोन हात रुंद पाठीचे पैलवान हवेत उचलले जाताना बघताना बघितलं होतं. असं बघताना नव्हतं बघितलं.

त्यांनी पुन्हा हवा गिळली. पुन्हा रेघ. तीच, काथ्याची, आडवी. पुन्हा. पुन्हा. नऊ वेळा मोजलं मी, मग मोजायचं सोडलं. आई उठून भिंतीपाशी गेली आणि रेघ जिथं होती तिथं तळहात ठेवला. गरम लागतं का बघत होती. पुढच्या वेळी रेघ तिच्या हाताच्या पाठीवरून गेली. तिनं हात काढला नाही.

लेझर मंद होत गेला. सेल संपले. शेवटची रेघ अंधारात दिसलीही नाही. नुसती ऐकू आली.

(हवा.)

गुरुवारी मिरज. मॅडमनी मला विचारलं, "दोन आठवड्यांत असं काय केलं तुम्ही?" मी पिशवीतून डबडं काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "छत्रीच्या काड्या?"

आधी 'प'चे शब्द आले. ते सोपे असतात. पाणी. पान. पैलवान. मग बाकीचे. एका घोटावर चार-पाच अक्षरं निघायची, मग थांबायचं, हवा गिळायची, मग पुढची चार-पाच. आप्पा शेवटपर्यंत तसे बोलले. मैदानात नाही उभे राहिले पुन्हा, पण कट्ट्यावर बसून टीव्हीवरच्या कुस्त्या सांगायचे, आणि तिथं चार माणसं टीव्हीकडं पाठ करून बसायची. त्यांचं बोलणं ऐकून ऐकून माझंही असं झालंय. चार वाक्यं, की मला थांबावं लागतं.

ही ती हवा.

चाचानं डबडं गणपतीत लावलं नाही. मंडळाची पोरं मागायला आली तर म्हणाला, बिघडलंय.

नऊ वर्षांनी मी दिवाळीला माहेरी आले होते. चाचा तोवर गेला होता. शेजारचे मागही गेले होते, भंगारात. दुपारची वेळ, आप्पा आणि मी चहा घेत होतो, घरात लख्ख शांतता. आप्पा भिंतीकडं बघत म्हणाले,

"तवाची,"

हवा.

"पयली कुस्ती,"

हवा.

"नुरा होती."

"कुठली?" मी म्हणाले. कुठली ते मला ठाऊक होतं.

"तुजं अंडं."

हवा.

"डावीकडं"

हवा.

"कलंडल्यालं."

नऊ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, चाचाला नाही, नवऱ्यालाही नाही. त्यांचे खांदे उठताना पाहिले, आणि पाइपावर टेकलेल्या हनुवटीतून, तोंड मिटून, मी "म्म्म" केलं होतं. मागांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं. आणि मग लाइट गेली. आता "म्म्म" केलं तर सगळ्यांना ऐकू जाईल, नाही केलं तर भिंत कोरी राहील, आणि एका खोट्या गोलाच्या आशेवर स्टुलावर परत बसलेले माझे वडील ती कोरी भिंत बघतील. त्या शांततेत मला कशाची भीती वाटली होती, ती ही.

आणि त्यांनी तिघांचे आवाज एकेकदा बघितले होते. पाठीवरून पैलवान ओळखणारा माणूस. म्हणजे पाटीवर 'माग' लिहिलं तेव्हा मागाची काही चूक नव्हती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते माझ्यावरून काढून मागावर घातलं होतं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं. "नुरा दिसली की तुम्ही माइक खाली ठेवायचात."

आप्पा हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसायचा, खांदे हलायचे, गळ्यावरचं फडकं उडायचं.

"माइक"

हवा.

"हुता कुटं"

हवा.

"हातात?"

मग बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि तिच्या कडेवर नखानं तीन टिचक्या मारल्या. मी गप्प झाले. हवा गिळायला त्यांनी या वेळी जरा जास्त वेळ घेतला.

"आन् दुसरी"

हवा.

"निकाली"

हवा.

"झाली की,"

हवा.

"पैलवान."